आ न वासण्याची पैज

"लावता पैज? भर रस्त्यात मिशी उतरवीन!" टेम्पोकाका गेटपाशी इतक्या जोरात ओरडले, की बाजूच्या दुकानात कटिंगमास्टरचा वस्तरा गिऱ्हाइकाच्या गालावर होता तिथेच थांबला. गिऱ्हाईकही श्वास रोखून थांबलं. टेम्पोकाका मिशी उतरवणार? नाक कापून देतो म्हणण्यासारखंच की हे!

कारण ती मिशी साधीसुधी नव्हती. ती काकांच्या लग्नाच्या आधीपासूनची होती. टेम्पोचे आरसे जसे दोन्ही अंगांनी बाहेर येतात तशी ती चेहऱ्याच्या बाहेर आलेली होती, आणि जिन्यात काका वळायच्या आधी मिशी वळायची. तिच्याखाली ओठ आहे की नाही हे खुद्द काकूंनाही ठाऊक नव्हतं. "असेल," त्या म्हणायच्या, "चहा आत जातो म्हणजे असेलच कुठेतरी."

काकांचा धंदा घरं हलवायचा. कोणाचं बिऱ्हाड इथून उचलून तिथे टाकायचं असलं की काका आणि त्यांचा टेम्पो हजर. उरलेल्या वेळात काकांचा उद्योग एकच, बिल्डिंगची टोपी उडवणं. कोरड्या भिंतीवर 'रंग ओला आहे' अशी पाटी लावून त्यांनी सगळ्या बिल्डिंगला आठवडाभर जिन्यातून खेकड्यासारखं आडवं चालायला लावलं होतं. आठव्या दिवशी ते स्वतः त्या भिंतीला पाठ घासत उभे राहिले, तेव्हा कुठे लोकांना कळलं.

पैज लागली ती तळमजल्यावरच्या ड्रॉइंगबाईंशी. बाई शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेल्या. पलीकडच्या रस्त्यावर बर्फाचा एक बंद कारखाना होता, त्यात कोणा तरुण आर्टिस्ट मुलीने काहीतरी अचाट मांडलं होतं. ते बघून बाई नुकत्याच परतल्या होत्या आणि त्यांचं तोंड अजून पुरतं मिटलेलं नव्हतं.

"बाई, माशी जाईल," काका टेम्पोची काच पुसत म्हणाले.

"जाऊ दे गेली तर! अहो, काय बघून आलेय मी! पलंग, कपाटं, खुर्च्या, पाळणा, शिवणयंत्र, सगळं हवेत! अख्खं बिऱ्हाड छताला टांगलंय हो. नावच 'बिऱ्हाड' आहे त्याचं. मांडणशिल्प म्हणतात त्याला."

"टांगलंय तर टांगणशिल्प म्हणा की. आणि बिऱ्हाड बघायला तिकडे कशाला तडमडायचं? मी रोज उचलतो. माझ्यामागे कधी लोकांची रांग लागली नाही. लागली ती फक्त हॉर्न वाजवणाऱ्यांची."

"तुम्हाला नाही कळायचं ते."

"न कळायला काय झालंय? एक चमचा ठेवा, कुत्रं बघणार नाही. बिल्डिंगएवढा चमचा ठेवा, सगळे आ वासून उभे! मोठ्ठं केलं की झाली कला. बावळट लेकाचे!"

"तुम्हीही वासाल आ."

"मी? अहो, पाठीवर कपाट घेऊन जिना चढलेला माणूस मी. माझं तोंड दोनच कामांना उघडतं. जेवायला आणि शिव्या द्यायला."

"मग लावा पैज," बाई म्हणाल्या. आणि तिथे काका गरजले, आणि वस्तरा थांबला.

बाईही मागे हटणाऱ्या नव्हत्या. त्यांच्या खिडकीखाली कुंड्यांची एक ओळ होती. काकांना तिथे टेम्पो लावायचा होता, बाईंना तिथे मोगरा फुलवायचा होता, आणि हे भांडण बिल्डिंगच्या पायाइतकंच जुनं होतं. "मी हरले तर कुंड्या उचलते," बाई म्हणाल्या. "वर सगळ्यांदेखत तुमचा टेम्पो धुऊन देते. साबण माझा."

काकांचे डोळे टेम्पोच्या दिव्यांसारखे लागले. पण ते कच्च्या गुरूचे चेले नव्हते. "आ म्हणजे नक्की किती? ते आधी ठरवा. नाहीतर मी नुसता श्वास घेतला तरी म्हणाल, वासला."

त्यासाठी वरून पहिल्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांना हाक मारण्यात आली. डॉक्टर टॉवेलला हात पुसतच खाली आले. कोणीतरी आपलं मत विचारतंय याचाच त्यांना कोण आनंद! "अंगठा आडवा गेला की आ," त्यांनी निकाल दिला. "उभा गेला की मोठा आ. मी येतो ना मोजायला. छोटा आरसा पण घेतो."

बाईंनी बोटांवर नियम मोजले. तोंडाला हात लावायचा नाही. तोंडात काही ठेवायचं नाही. डोळे मिटायचे नाहीत. आणि ते बिऱ्हाड एक पूर्ण फेरी मारेपर्यंत बाहेर पळायचं नाही.

"फेरी मारतं? ते फिरतं?"

"संध्याकाळी घंटा होते, मग सगळं वर चढतं आणि फिरतं."

"चढू दे. चंद्रावर जाईना का!" काका म्हणाले. दुकानातून कटिंगमास्टर साबणाचा फेस हातात घेऊनच बाहेर आला होता. त्याने काकांच्या मिशीकडे असं बघितलं, जसा सुतार नव्या फळीकडे बघतो.

घरी येऊन काकांनी काकूंना सगळं सांगितलं. काकू शांतपणे म्हणाल्या, "हरा एकदाचे. मी कोणाशी लग्न केलंय ते मलाही कळू दे."

"हरायचा प्रश्नच नाही. उलट तू माझी तयारी करून घे. काहीतरी भयंकर बोल, बघ तोंड उघडतं का."

काका खुर्चीत ताठ बसले. काकू हातात लाटणं घेऊन परीक्षकासारख्या समोर उभ्या राहिल्या. "पलंगाखाली साप आहे," त्या म्हणाल्या. काका ढिम्म. "टेम्पो चोरीला गेला." मिशीची टोकं जराशी थरथरली, तोंड बंदच. काकूंनी थोडा विचार केला आणि सहज आवाजात म्हणाल्या, "माझा भाऊ येतोय राहायला. बायकापोरांसकट. कायमचा."

"आँ?"

"गेली मिशी," काकू म्हणाल्या. "आज सासूबाई असत्या ना, तर त्यांनी नुसता ओठ आवळला असता. तुमचं काय, शेजाऱ्यांचंसुद्धा तोंड उघडलं नसतं. काय जरब होती बाई! मी त्यांच्यापुढे कधी ब्र काढला नाही."

"तू? ब्र?"

"त्यांच्यापुढे म्हणाले मी. तुमच्यापुढे नाही."

काका मात्र आता गंभीर झाले. ते तोंड आपलं असलं तरी आपल्या ताब्यात नाही, हे त्यांना कळून चुकलं. ते खाली टेम्पोपाशी गेले, दोरखंडांच्या ढिगाकडे बघत बसले आणि एकदम मांडीवर थाप मारून उठले. बाईंनी हात लावायचा नाही म्हटलं होतं. पट्ट्याचं कोणी काही बोललं नव्हतं!

फ्रिज हलवताना वाटेत त्याचं दार धाडकन उघडू नये म्हणून घर हलवणारे एक हिरवा चपटा पट्टा वापरतात. त्याला लोखंडी खटका असतो. पट्टा ओढला की कट् कट् करत घट्ट होत जातो, आणि खटका उचलल्याशिवाय मागे येत नाही. काकांनी सरळ हिशेब केला. जो पट्टा फ्रिजचं तोंड बंद ठेवतो, तो आपलं ठेवणार नाही?

त्यांनी काकूंकडून तो बांधून घेतला. हनुवटीखालून टाळूवर, घसरू नये म्हणून मागून दोन्ही काखांतून, छातीला वेढा देऊन परत पाठीवर. पाठीवर खटका आणि लोखंडी कडी. फ्रिज बांधतात तसाच, जराही कसूर नाही. काकूंनी शेवटचा कट् केला तेव्हा काकांचे गाल वर येऊन डोळ्यांना भिडले.

"जमलं?" काकूंनी विचारलं.

"म्म्," काका म्हणाले. लग्नानंतर पहिल्यांदाच काकूंचा शब्द शेवटचा ठरला होता. त्यांनी तो क्षण जरा चवीने अनुभवला.

संध्याकाळी सगळी मंडळी गेटपाशी जमली. काकांना बघून बाईंनी कपाळाला हात लावला. "हे काय सोंग?"

"दाढ दुखतेय त्यांची," काकूंनी पढवलेलं वाक्य टाकलं.

पण मंडळींत दातांचे डॉक्टर आहेत, याचा दोघांनाही विसर पडला होता. डॉक्टरांचा चेहरा दिवाणखान्यातल्या झुंबरासारखा उजळला. "दाढ? कुठली? मागची? बघू! अहो, उघडा, एका मिनिटात बघतो!" ते आरसा परजून पुढे झाले. काका मागे सरले. डॉक्टर आणखी पुढे आले, तसे काका वळले आणि पळत सुटले. मागे डॉक्टर, त्यांच्या मागे खिशात वस्तरा असलेला कटिंगमास्टर, त्यांच्या मागे एका हाताने चष्मा धरलेल्या बाई आणि सर्वांत शेवटी, आजूबाजूला ओळखीचं कोणी बघत नाही ना याची खात्री करत काकू. घरं हलवून काकांच्या पायांत चांगलीच ताकद होती. ते कारखान्याच्या दारातून आत शिरले तेव्हा बाकीचे अजून रस्त्याच्या कोपऱ्यावरच होते.

आत बघून काका जरा चपापले. बर्फाच्या कारखान्याचं ते उंच, थंड, अंधारं दालन, आणि जमिनीपासून वीतभर वर, नजर पोचेल तिथवर सामान लटकलेलं. एकेक वस्तू तारेने, आणि तार जिथे वस्तूला भिडते तिथे, काकांचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसेना, हिरवा चपटा पट्टा! टेबलाला हिरवा पट्टा, बाकाला हिरवा पट्टा, पाळण्याला हिरवा पट्टा. आणि या सगळ्यात हिरव्या पट्ट्याने बांधलेले एक मिशीवाले गृहस्थ, धापा टाकत उभे.

"अय्या, हे बघ!" एक बाई आपल्या मैत्रिणीला म्हणाली. "सामानात नवरा पण आहे!"

"खरा आहे की पुतळा?"

"मिशीवरून पुतळा वाटतो."

"म्म्म्!" काका म्हणाले.

"आवाज पण काढतो! काय विचार आहे नाही त्यामागे? घर उभं करता करता माणसाचं तोंडच बंद होतं. फ्रिजसारखं."

बघता बघता गर्दी जमली. बायका आपापल्या नवऱ्यांना काकांशेजारी उभं करून फोटो काढू लागल्या. एका चष्मेवाल्याने मिशीचं टोक बोटाने हलवून बघितलं आणि "काम बारीक आहे" असा शेरा मारला. काकांनी हातवारे करून समजावायचा प्रयत्न केला, तर लोक म्हणाले, "बघा, किती तडफड दाखवलीय!" आयुष्यभर लोकांच्या टोप्या उडवलेल्या माणसाची टोपी आज फुकटात उडत होती, आणि उडवणारं कोणी नव्हतंच!

एवढ्यात बाकीच्यांना गर्दीत मागे टाकून काकू धापा टाकत पोचल्या. शेजारची बाई त्यांना कोपराने ढोसून म्हणाली, "अगदी खरा नवरा वाटतो, नाही?"

"नाही वाटत," काकू म्हणाल्या. "घरी एवढा गप्प नसतो."

आता त्या दालनात टांगणीचं काम बघणारा एक माणूस होता. डोक्यावर पिवळं हेल्मेट, चेहऱ्यावर कपाळभर काळजी. सकाळीच कपडे टांगायच्या एका लाकडी स्टँडचा पाय मोडला होता, म्हणून तो उतरवून ठेवला होता. आर्टिस्ट मॅडमनी बजावलं होतं, हूक रिकामा ठेवू नकोस, सगळ्याचा तोल जाईल, तेवढ्याच वजनाचं काहीतरी पाठवते. आणि नेमकं त्या रिकाम्या हुकाखाली, पाठीवर कडी असलेलं, रीतसर पट्ट्याने बांधलेलं, वजनदार असं काहीतरी येऊन उभं होतं.

"स्टँडच्या जागी तुम्हीच ना?" हेल्मेटवाल्याने विचारलं.

"म्म्म्म्!" काकांनी मान जोरजोरात हलवली. पट्ट्यामुळे ती आडवी हलली की उभी, ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही.

"मॅडमचं काही सांगता येत नाही बाबा. काल स्टँड, आज माणूस." त्याने पाठीमागे जाऊन पट्टा ओढून बघितला आणि खूश झाला. "वा! बांधलंय मात्र पक्कं. कोणी बांधलं?"

"मी," काकू अभिमानाने म्हणाल्या.

"मग काळजी नाही." आणि त्याने हूक कडीत अडकवला.

डॉक्टर गर्दीतून वाट काढत, आरसा उंच धरून, "थांबा, फट मोजायचीय!" असं ओरडत नेमके तेव्हाच समोर आले. घंटा झाली. दिवे मंद झाले. वर कुठेतरी एखादं झोपलेलं जनावर कूस बदलतं तसा खोल घर्रर्र आवाज झाला, आणि सगळं बिऱ्हाड एका दमात उचललं गेलं. पलंग उचलला, कपाट उचललं, बाक उचललं, आणि टेम्पोकाका उचलले गेले.

"अहो! चप्पल!" काकू खालून ओरडल्या. पण एक चप्पल तोवर डॉक्टरांच्या खांद्यावर येऊन बसली होती.

पहिल्यांदा काका घाबरले. हे मान्य करायला हरकत नाही, कोणीही घाबरलं असतं. मग त्यांनी खाली बघितलं, मग बाजूला बघितलं, आणि घाबरायचं राहूनच गेलं.

कारण त्यांच्या डाव्या हाताला एक निळं कपाट तरंगत होतं. कोपऱ्याला पोचा आलेलं. तो पोचा काकांचाच होता! हेच कपाट त्यांनी एका भर उन्हाच्या दुपारी अरुंद जिन्यातून वर चढवलं होतं. वळणावर ते अडकलं, कपाटाच्या मालकाच्या आईपासून कपाट बनवणाऱ्या सुतारापर्यंत काकांनी सगळ्यांचा उद्धार केला होता, आणि त्यानंतर आठवडाभर त्यांना पाठ टेकता आली नव्हती. तेच कपाट आता त्यांच्या शेजारून सावरीच्या म्हातारीसारखं हलकंफुलकं चाललं होतं. त्याच्या आत एक दिवा लागला होता. दार जरासं उघडं होतं आणि फटीतून पिवळा उजेड हवेत सांडत होता.

त्याच्यापलीकडे शिवणयंत्र, त्याचं चाक आपोआप फिरतंय. पलीकडे पाळणा, झुलतोय. पाटा-वरवंट्याएवढ्या जड वस्तू, आणि त्या एकमेकींना वाट देत, गोल गोल, वर वर, जशा काही सगळ्या मिळून कुठेतरी राहायला निघाल्यात आणि त्यांना आता कोणाच्याही पाठीची गरज नाही. अख्खं आयुष्य काकांनी हे सगळं पाठीवर वाहिलं होतं. ज्याचं त्याचं वजन त्यांच्या मणक्यांना पाठ होतं. आणि आज त्याच सगळ्याच्या मध्ये काका स्वतः, बिनवजनाचे! त्यांना वाटलं हात पसरावेत. त्यांनी पसरले. त्यांना वाटलं पाय झुलवावेत. त्यांनी झुलवले. उरलेली चप्पलही गेली.

आता एक साधी गोष्ट, जी फ्रिजच्या बाबतीत कधी होत नाही. काका लटकल्यावर त्यांचा सगळा भार आला काखांवर. काखांतला पट्टा ताणला गेला तसा डोक्यावरचा वेढा ढिला पडला. आणि निळं कपाट सावकाश वळून, उजेड सांडत, अगदी काकांच्या नाकासमोरून गेलं तेव्हा मिशीखालचा तो कोणी न पाहिलेला ओठ वर गेला, हनुवटी खाली गेली, आणि काकांनी आ वासला. पाळण्यातल्या पोराने वासावा तसा.

नेमक्या त्याच वेळी अगदी छताजवळ टांगलेल्या उशा उसवल्या. तो त्या खेळाचा शेवटचा भाग होता. पांढराशुभ्र कापूस उजेडात भिरभिरत सुटला. खालून सगळं दालन एका सुरात म्हणालं, "आ!"

बिऱ्हाड फेरी पूर्ण करून उतरलं तसे काकांचे अनवाणी पाय जमिनीला लागले. तोवर त्यांचं तोंड गच्च बंद झालं होतं. आर्टिस्ट मुलगी पांढरीफटक पडून धावत आली. "कोण तुम्ही? तुम्हाला कोणी टांगलं?"

"मॅडम, तुमचाच माणूस ना?" हेल्मेटवाला चाचरत म्हणाला.

"माझा नाही!"

"माझा आहे," काकू पुढे होऊन म्हणाल्या. "जसा दिला तसा परत द्या."

खटका उचलला, पट्टा सुटला. मंडळी भोवती जमली. बाईंनी डॉक्टरांकडे बघितलं. "बोला डॉक्टर. उघडलं होतं तोंड?"

डॉक्टरांनी खांद्यावरची चप्पल काढून हातात घेतली आणि मान खाली घातली. "मी... मी नाही बघितलं."

"म्हणजे? तुम्ही मोजायला आला होतात ना?"

"मी त्या पाळण्याकडे बघत राहिलो हो. माझंच उघडं होतं बहुतेक."

"मास्तर, तुम्ही?"

"मी शिवणयंत्राकडे," कटिंगमास्टर म्हणाला. "काय फिरत होतं राव!"

काकूंना विचारण्यात अर्थच नव्हता. वर बघता बघता त्यांचं पुन्हा उघडलं होतं.

बाई खऱ्या शिक्षिका होत्या. पुरावा नसताना त्यांनी कधी पोरांनाही उठबशा काढायला लावल्या नव्हत्या. त्यांनी पदर सावरला आणि म्हणाल्या, "मीही कापसाकडेच बघत होते. मग हरले मी. उद्या कुंड्या उचलते."

काकांनी मिशीची दोन्ही टोकं वर केली. जिंकले! खिडकीखाली टेम्पो! बाई साबण घेऊन टेम्पो धुतायत! आता फक्त एकच करायचं होतं, तोंड बंद ठेवून घरी जायचं.

आर्टिस्ट मुलीच्या जिवात आता जीव आला होता. ती काकांकडे टक लावून बघत होती. मग हळूच म्हणाली, "काका, एक विचारू? आतून कसं दिसतं हो ते? एवढं सगळं मी टांगलं, पण मी नेहमी खालीच उभी. सगळ्याच्या मध्ये असताना कसं वाटतं, ते मला कधी कळलंच नाही."

काकांनी मान हलवली. ओठ आवळले. एक पाऊल दाराकडे टाकलं. मग दुसरं. मिशी थरथरली. एखाद्या उकळत्या भांड्यावरचं झाकण थडथडतं तसा त्यांचा चेहरा थडथडायला लागला. ते दारापर्यंत पोचले, तिथे थांबले, आणि गर्रकन वळले.

"अगं पोरी!" काका म्हणाले, आणि तोंडातून कापसाचा एक पुंजका भुर्रकन बाहेर आला. "अगं, ते निळं कपाट!" दुसरा पुंजका. "माझ्या नाकासमोरून गेलं गं! त्याला वजनच नाही! मी उचललंय ते, मला विचार, हत्ती बरा! आणि आत दिवा, आणि पाळणा, आणि मी मध्ये! म्हणजे असं वाटतं की आपण आयुष्यभर नुसतं वाहिलं, कधी बघितलंच नाही! पुन्हा कधी फिरतं गं हे? मला पुन्हा टांगता येईल का?" प्रत्येक वाक्याला कापूस उडत होता. त्यांच्या मिशीवर, मुलीच्या केसांवर, बाईंच्या चष्म्यावर. काकांना त्याचा पत्ताच नव्हता. ते हात पसरून, पाय झुलवून दाखवत होते. मुलगी हसता हसता डोळे पुसत होती.

डॉक्टर दबकत पुढे आले. चालू वाक्याच्या मधेच त्यांनी आरसा आत घातला, चिमटा घातला आणि एक लांबलचक कापसाची वात बाहेर ओढली.

"मागच्या दाढेतून," ते गंभीरपणे म्हणाले. "एवढ्या आत जायचा म्हणजे अंगठा उभा. मोठा आ."

काकांनी त्या कापसाकडे बघितलं, बाईंकडे बघितलं, आणि खो खो हसत सुटले. "गेली की हो!"

"गेली," कटिंगमास्टर म्हणाला आणि खिशातल्या वस्तऱ्यावरून हात फिरवला.

पण काका ते काकाच. हरायचं तर मोठ्ठं हरायचं! दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी टेम्पो भर रस्त्यात आडवा लावला, मागचा फाळका पाडला, कटिंगमास्टरची फिरती खुर्ची वर चढवून हिरव्या पट्ट्यांनी बांधली आणि तिच्यावर एखाद्या राजासारखे बसले. खुर्चीच्या पाठीला त्यांनी ती जुनी 'रंग ओला आहे' पाटी अडकवली होती. आरसा धरायला स्वतः बाई. रस्ता तुडुंब भरला. कारखान्याचा हेल्मेटवाला आला, आर्टिस्ट मुलगी आली. हॉर्न वाजवणारेही उतरून बघायला आले. काकांमागे अखेर लोकांची रांग लागली होती.

"बाई, बघून घ्या," काका खुर्चीवरून ओरडले, "हे माझं मांडणशिल्प!"

फेस लागला. वस्तरा फिरला. डावी मिशी गेली तेव्हा गर्दीतून एक उसासा आला. उजवी गेली तेव्हा कोणी श्वासही घेतला नाही. कटिंगमास्टरने टॉवेलने तोंड पुसून खुर्ची गर्रकन लोकांकडे वळवली.

काकू सर्वांत पुढे स्टुलावर बसून चहा पीत होत्या. त्यांनी वर बघितलं. कप खाली गेला, बशीसकट. त्या ताडकन उभ्या राहिल्या, साडी सारखी केली, आणि त्यांचं तोंड असं उघडलं की डॉक्टरांना आरशाचीही गरज पडली नाही.

"सासूबाई!"

तोच पातळ, करकरीत, खाली ओढलेला वरचा ओठ. इतकी वर्षं मिशीमागे दडून बसलेला. हुबेहूब!

"काय गं?" काकांना काहीच कळेना. त्यांनी गोंधळून ओठ आवळला.

"काही नाही, काही नाही," काकू घाईघाईने म्हणाल्या. "चहा आणते ना, आत्ता आणते. साखर कमीच घालते." आणि एक शब्दही उलट न बोलता त्या जिन्याकडे धावल्या.

सगळा रस्ता आ वासून बघत राहिला. बाईंच्या हातातला आरसा कलला होता. काकांनी तो नीट धरायला लावला, त्यात स्वतःकडे बारकाईने बघितलं, ओठ एकदा आवळला, एकदा सोडला. मग ते कटिंगमास्टरकडे वळून हळूच म्हणाले,

"मास्तर, उद्यापासून रोज सकाळी. वेळ ठरवून टाक."